बेवारशी डब्याचा इतिहास

मुंबईच्या कोणत्याहि लोकल स्टेशनावर थोडा वेळ उभे राहिलें म्हणजे एक सूचना कानावर आल्यावांचून राहत नाहीं. बेवारशी वस्तूला हात लावूं नका, ती दिसल्यास पोलिसांस कळवा, अशी ती सूचना आहे. १९९३ आणि २००६ सालच्या स्फोटांत ज्या शहरानें आपलीं शेंकडों माणसें गमावलीं, त्या शहराला ही सावधगिरी निराळी शिकवावी लागत नाहीं. बांकाखालीं एखादी पिशवी एकटीच पडलेली दिसली, कीं आपलें पाऊल आपोआप मागें येतें.

आणि तरीहि याच आपल्या काळांत एक छंद असा उदयास आला आहे, कीं त्याचा सारा डोलारा बेवारशी डब्यावरच उभा आहे. कोणी एक मनुष्य एक डबा घेतो, त्यांत एक लहानशी वही आणि चार किरकोळ वस्तु घालतो, तो झाडाच्या ढोलींत किंवा दगडांच्या कपारींत लपवितो, आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश साऱ्या जगाला जाहीर करून घरीं निघून जातो. मग ज्यांची त्याची ओळख नाहीं, पुढें होण्याचा संभवहि नाहीं, अशीं माणसें तो डबा शोधीत येतात, वहींत आपलें नांव लिहितात, आणि डबा होता तसा ठेवून परत जातात. या छंदाला जिओकॅशिंग म्हणतात. जगांतल्या १९० हून अधिक देशांत मिळून असे तीस लाखांवर डबे ठेविलेले आहेत. या छंदाचें सुख कोणतें, त्याची कटकट कोणती, आणि तो जन्मास आला कसा, हें आज थोडक्यांत सांगावयाचें योजिलें आहे.

गुप्तधनाचें वेड मनुष्याला नवें नाहीं. पायाळू मनुष्याच्या डोळ्यांत विशिष्ट अंजन घातलें म्हणजे त्याला जमिनींतला ठेवा दिसतो, अशी समजूत आपल्या खेडोपाडीं होती. आणि त्या ठेव्यावर वेटोळें घालून बसलेला नाग तर आजीच्या गोष्टींत ठरलेलाच. या गोष्टींतल्या धनाचे दोन धर्म लक्षांत घ्यावे. एक असा, कीं तें पुरणाराला तें कोणाच्याहि हातीं लागूं द्यावयाचें नसतें. दुसरा असा, कीं ज्याला तें सांपडतें तो तें उचलून नेतो; मागून येणारासाठीं कांहीं ठेवीत नाहीं. जिओकॅशिंगमध्यें हे दोन्ही धर्म उलटे झाले आहेत. आपला डबा लोकांना सांपडावा हीच लपविणाराची इच्छा असते, आणि तो पुढच्यासाठीं शाबूत ठेवावा हें शोधणाराचें कर्तव्य असतें. नागाची जागा येथें रिकामी आहे. हा पालट कसा झाला हें समजून घेण्यासाठीं आपल्याला प्रथम इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील एका ओसाड माळावर जावें लागेल.

डेव्हन परगण्यांत डार्टमूर नांवाचा एक उंच, दलदलीचा आणि वाऱ्यापावसाचा प्रदेश आहे. त्याच्या उत्तर भागांत क्रॅनमियर पूल म्हणून एक जागा आहे. इंग्रजींत पूल म्हणजे डोह. परंतु आज तेथें डोह असा नाहीं, काळ्या मातीची एक ओली खळगी तेवढी उरली आहे. दंतकथा अशी, कीं ओकहॅम्प्टन गांवच्या एका मेयरच्या भुताला चाळणीनें हा डोह उपसण्याची शिक्षा झाली होती. त्यानें चाळणीला मेंढीचें कातडें लावलें आणि डोह कोरडा करून टाकला! अशा या जागीं पोहोंचणें एकोणिसाव्या शतकांत सोपें नव्हतें. वाट नाहीं, खूण नाहीं, धुकें केव्हां उतरेल याचा नेम नाहीं. चॅगफर्ड गांवचा जेम्स पेरट नांवाचा वाटाड्या हौशी प्रवाशांना तेथें घेऊन जात असे. १८५४ सालीं त्यानें तेथें एक बाटली ठेविली, आणि येथवर येणारानें आपल्या नांवाचें कार्ड तींत टाकावें अशी रीत पाडली.

पुढें बाटलीच्या जागीं पत्र्याची पेटी आली, १९०५ सालीं सह्या करण्यासाठीं वही आली, आणि १९३७ सालीं दगडी बांधणीची पेटी झाली. या काळांत एक मोठी गोड चाल रूढ झाली. प्रवाशानें तिकीट लावलेलें, स्वतःचा किंवा आपल्या माणसाचा पत्ता लिहिलेलें पोस्टकार्ड पेटींत ठेवावें, आणि त्याच्यानंतर जो कोणी येईल त्यानें तें नेऊन जवळच्या गांवीं टपालांत टाकावें. यावरूनच या छंदाला लेटरबॉक्सिंग हें नांव पडलें. पुढचा प्रवासी आठ दिवसांनीं येईल किंवा महिन्यानें येईल. तो पत्र नेईल किंवा नेणारहि नाहीं. पत्र घरीं पोहोंचलें, तर एका अनोळखी मनुष्यानें दुसऱ्या अनोळखी मनुष्याचें काम केलें एवढाच त्याचा अर्थ. डार्टमूरचें वर्णन करण्यांत ज्यानें आयुष्य वेंचलें, त्या विल्यम क्रॉसिंग या लेखकाच्या स्मरणार्थ १९३८ सालीं डक्स पूल येथें आणखी एक पेटी बसविण्यांत आली. तथापि १९७० पर्यंत साऱ्या माळावर अशा जागा डझनभराहून अधिक नव्हत्या. त्यानंतर मात्र पेट्या हजारोंनीं वाढल्या. प्रत्येक पेटींत एक रबरी शिक्का, आणि प्रत्येक शोधकाच्या खिशांत शिक्के उमटवून घेण्याची एक वही, असा थाट झाला. १९९८ सालीं अमेरिकेंतल्या स्मिथसोनियन मासिकांत या छंदावर लेख आला आणि तो अटलांटिकपलीकडे गेला.

म्हणजे डबा, वही आणि परक्यावरचा विश्वास, हीं तिन्ही साधनें आधींच सिद्ध होतीं. उणीव होती ती नेमका पत्ता सांगण्याच्या साधनाची. "मोठ्या खडकापासून पूर्वेस चाळीस पावलें" असा पत्ता द्यावा, तर कोणाचीं पावलें, हा प्रश्न राहतोच. हें साधन आकाशांतून आलें, आणि तें आलें तें लष्कराच्या हातून.

अमेरिकेच्या संरक्षण खात्यानें पृथ्वीपासून सुमारें वीस हजार किलोमीटर उंचीवर उपग्रहांची एक माळ फिरत ठेविली आहे. प्रत्येक उपग्रहांत अणुघड्याळ असतें, आणि तो आपली वेळ आणि आपलें स्थान सतत प्रक्षेपित करीत असतो. आपल्या हातांतलें यंत्र हा संदेश ऐकतें आणि तो येण्यास किती वेळ लागला यावरून अंतर काढतें. चार उपग्रहांचीं अंतरें मिळालीं, कीं आपली जागा निश्चित होते. रेडिओलहरी सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर धांवतात. तेव्हां घड्याळांत एक लक्षांश सेकंदाची चूक झाली तरी तीन किलोमीटरांचा घोटाळा होईल. १९८३ सालीं कोरियाचें एक उतारूंचें विमान वाट चुकून सोव्हिएट हद्दींत शिरलें, तें पाडण्यांत आलें आणि २६९ जीव गेले. त्यानंतर ही व्यवस्था नागरिकांसहि खुली राहील असें अध्यक्ष रेगन यांनीं जाहीर केलें. १९९५ सालीं २४ उपग्रहांची ही योजना पूर्णपणें कार्यान्वित झाली.

परंतु खुली म्हणतांना एक मेख मारून ठेविलेली होती. शत्रूनें हिचा फायदा घेऊं नये म्हणून नागरिकांना मिळणाऱ्या संदेशांत मुद्दाम चूक मिसळलेली असे. त्यामुळें सामान्य मनुष्याचें यंत्र शंभर मीटरपर्यंत चुके. शंभर मीटर म्हणजे किती, हें आपल्या शेतकऱ्याच्या हिशेबानें पाहूं. शंभर मीटर त्रिज्येचें वर्तुळ काढलें तर त्यांत सुमारें पावणेआठ एकर जमीन येते. पावणेआठ एकर रानांत एक डबा शोधणें म्हणजे गवताच्या गंजींत सुई शोधणें होय. १ मे २००० च्या मध्यरात्रीं अध्यक्ष क्लिंटन यांच्या आज्ञेनें ही मुद्दाम केलेली चूक काढून टाकण्यांत आली, आणि यंत्रें एकाएकीं दसपटीनें अचूक झालीं. दहा मीटर त्रिज्येचें वर्तुळ घेतलें तर त्यांत जेमतेम तीन गुंठे जमीन मावते. जिओकॅशिंगचा जन्म या पावणेआठ एकर आणि तीन गुंठे यांमधल्या फरकांत आहे.

३ मे रोजीं डेव्ह उल्मर नांवाच्या संगणकतज्ज्ञानें ही अचूकता पारखून पाहण्याचें ठरविलें. अमेरिकेच्या ऑरेगन संस्थानांतील बीव्हरक्रीक गांवाजवळ, रस्त्यालगतच्या रानांत, त्यानें एक काळी बादली अर्धवट पुरून ठेविली. तींत कांहीं पुस्तकें, कांहीं संगणकाच्या आज्ञावल्या, थोडे पैसे, एक गलोल, शिजविलेल्या कडधान्याचा एक हवाबंद डबा असा किरकोळ ऐवज होता. त्या जागेचे अंक त्यानें उपग्रह-यंत्रांच्या हौशी मंडळींना इंटरनेटवरून कळविले आणि नियम एकच घातला: आवडेल तें घ्या, आणि त्या बदल्यांत कांहीं ठेवा. तीन दिवसांच्या आंत दोघांनीं बादली शोधून काढली. त्यांतला पहिला माइक टीग. त्यानें अशा जागांची यादी करण्यास प्रारंभ केला. त्या महिन्याच्या ३० तारखेला मॅट स्टम यानें या खेळाला जिओकॅशिंग हें नांव सुचविलें. जिओ म्हणजे भूमि, आणि कॅश म्हणजे येथें रोकड नव्हे. उत्तर अमेरिकेंतले जुने शिकारी परतीच्या वाटेसाठीं जी शिधासामुग्री लपवून ठेवीत, तिला ते या मूळच्या फ्रेंच शब्दानें ओळखीत. त्याच वर्षीं २ सप्टेंबर रोजीं जेरेमी आयरिश यानें सर्व जागांची नोंद एके ठिकाणीं ठेवणारें संकेतस्थळ सुरू केलें, तेव्हां यादींत ७५ डबे होते. ७५ पासून तीस लाखांपर्यंतचा हा प्रवास एका पिढीच्या आंतला आहे.

त्या पहिल्या बादलीचें पुढें काय झालें? ती गवत कापण्याच्या यंत्राखालीं चिरडली गेली. उरला तो फक्त कडधान्याचा हवाबंद डबा. त्या जागीं २००३ सालीं एक स्मरणफलक बसविण्यांत आला आहे. आणि तो पत्र्याचा डबा आज या छंदांतल्या लोकांना एखाद्या पवित्र अवशेषाप्रमाणें वाटतो. उलट, कॅन्सस संस्थानांतल्या मिंगो येथें ११ मे २००० रोजीं लपविलेल्या डब्याची जागा अद्यापि खेळांत आहे. पहिला गेला आणि आठ दिवसांनीं धाकटा असलेला टिकला. बेवारशी वस्तूचें दैव असेंच असावयाचें.

आतां या छंदाचा एक दिवस डोळ्यांसमोर आणूं. इंग्लंडमधल्या एखाद्या बीचवृक्षांच्या रानांत बाप आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी रविवारीं सकाळीं शिरलीं आहेत अशी कल्पना करा. डब्याच्या वर्णनांत त्याचें नांव आहे, अक्षांश-रेखांश आहेत, शोध किती अवघड आणि वाट किती बिकट याचे एक ते पांच असे दोन आंकडे आहेत. शेवटीं एक सूचक ओळ आहे, पण ती सांकेतिक लिपींत. इंग्रजी वर्णमालेंत २६ अक्षरें. प्रत्येक अक्षराच्या जागीं तेरा घरें पलीकडचें अक्षर लिहावयाचें, एवढीच युक्ति. आपल्याकडे मुलें "च"ची भाषा बोलतात तितकीच ती भाबडी आहे. ज्याला हार मानावयाची नसेल त्याच्या डोळ्यांवर उत्तर नकळत पडूं नये, इतकाच तिचा हेतु.

यंत्रावरचा बाण वाट दाखवीत जातो. तीनशें मीटर, शंभर मीटर, वीस मीटर. आणि मग, नेमका हात घालावयाच्या वेळीं, बाण गरगर फिरूं लागतो. दाट पानांखालीं संदेश क्षीण होतात, कड्यांवरून ते परावर्तित होतात, आणि यंत्र एकदां या झाडाकडे तर एकदां त्या झाडाकडे बोट दाखवितें. वीस हजार किलोमीटरांवरच्या अणुघड्याळांनीं येथवर आणून सोडलेलें असतें. पुढचीं दहा पावलें ज्याचीं त्यानें डोळे उघडे ठेवून चालावयाचीं असतात. बाप प्रत्येक ढोलींत हात घालतो आहे. इतक्यांत मुलगी थबकते. एका बुंध्यापाशीं काटक्या जरा जास्तच ओळीनें पडल्या आहेत. वारा काटक्या ओळीनें रचीत नाहीं! काटक्या दूर केल्या, तों खालीं हिरवट रंगाची लोखंडी पेटी. मूळची ती सैन्यांतली, बंदुकीच्या काडतुसांची. झांकण घट्ट बसतें आणि पाणी आंत शिरत नाहीं म्हणून या लोकांची ती आवडती. काडतुसांच्या जागीं आतां गोट्या, बिल्ले, एक खेळण्यांतली मोटार आणि वही. मुलगी एक निळी गोटी घेते आणि आपल्या खिशांतलें शंखाचें बटण ठेवते.

ती निळी गोटी बाजारांत कवडीमोल आहे. परंतु छंदाचें खरें सुख वहीच्या पानांत असतें. "भर पावसांत आलों", "तिसऱ्या खेपेस सांपडली", "आजोबांसह आलों होतों, आतां एकटाच आलों", अशा धर्तीच्या ओळी त्यांत असतात. शिवाय डबा ठेवणारानें ती जागा उगीच निवडलेली नसते. ज्या टेकडीवरून त्याला नदी दिसली, ज्या पडक्या चक्कीचा इतिहास त्याला ठाऊक आहे, तेथें त्याला आपल्याला न्यावयाचें असतें. हातानें काळजीपूर्वक बनविलेला डबा सांपडला म्हणजे त्या न पाहिलेल्या मनुष्याशीं हस्तांदोलन केल्यासारखें वाटतें. कित्येकांना नवा डबा जाहीर होतांच सर्वांआधीं गांठण्याची ईर्ष्या असते. त्यासाठीं ते मध्यरात्रीं विजेरी घेऊन घराबाहेर पडतात. कांहीं डब्यांतून अंक कोरलेले धातूचे बिल्ले प्रवास करतात. एका डब्यांतून उचलावयाचे, दुसऱ्यांत ठेवावयाचे. २००८ सालीं रिचर्ड गॅरिअट या खासगी अंतराळप्रवाशानें असा एक बिल्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकांत नेऊन ठेविला.

आतां कटकटींकडे वळूं. त्या पुष्कळ आहेत, आणि बहुतेक डब्याच्या बेवारशीपणांतून उपजलेल्या आहेत. पहिली कटकट पाण्याची. झांकण नीट न लावणारा एक जण आला, कीं महिन्याभरांत वहीचा लगदा होतो आणि शेंकडों माणसांच्या सह्या एकमेकींत विरघळून जातात. दुसरी कटकट कंजूषपणाची. पहिला शोधक चांगलें खेळणें घेऊन जातो आणि त्या जागीं वापरलेलें तिकीट ठेवतो. पांच-सहा असे आले, कीं पेटीची केराची टोपली होते. तिसरी कटकट लोकांच्या नजरेची. भर बाजारांत बांकाखालीं चिकटविलेली, करंगळीच्या नखाएवढी डबी काढावयाची, तर येणारेजाणारे टकमक पाहतात. मग शोधक बुटाची नाडी बांधण्याचें सोंग करतो, टेलिफोनवर बोलण्याचें सोंग करतो. खेळाची माहिती नसलेल्या अशा लोकांना हे "मगल" म्हणतात; रोलिंगबाईंच्या हॅरी पॉटरच्या कथांत जादू न जाणणाऱ्या माणसांसाठीं हा शब्द आहे. एखाद्या मगलानें डबा पाहिला आणि कचरा समजून फेकून दिला, तर सारेंच संपलें. पुढचा शोधक दोन तास खाजकुइली आणि चिखल तुडवितो, आणि जें तेथें नाहींच तें शोधीत राहतो.

या शेवटच्या प्रसंगीं या मंडळींची एक चाल मला फार आवडते. डबा न सांपडल्यास तो मनुष्य आपली फजिति झांकून ठेवीत नाहीं. सांपडला नाहीं, अशी नोंद तो सर्वांना दिसेल अशा ठिकाणीं करतो. अशा तीन-चार नोंदी लागोपाठ आल्या, कीं डब्याचा धनी जाऊन पाहतो आणि गेला असल्यास दुसरा ठेवतो. आपलें अपयश लिहून ठेविल्यानें पुढच्याची पायपीट वांचते, ही शिकवण मोठमोठ्या कचेऱ्यांनींहि घेण्यासारखी आहे.

परंतु कांहीं अडचणी कटकट या शब्दांत मावण्यासारख्या नाहींत. २०११ सालीं इंग्लंडमधल्या वेदरबी या लहान गांवांत उपाहारगृहाबाहेर एक मनुष्य कांहींतरी लपवीत असल्यासारखा दिसला. लोकांना संशय आला, रस्ता बंद झाला, लष्कराचें बॉम्बपथक आलें आणि त्यांनीं ती वस्तु स्फोटानें उडवून दिली. ती होती जिओकॅशिंगची डबी. चूक कोणाची म्हणावी? पाहणाऱ्यांनीं नागरिकाचें कर्तव्य केलें, लपविणाऱ्याच्या मनांत पाप नव्हतें. २०१८ सालीं प्रागमध्यें चार जण ओढ्याच्या भुयारी मार्गांत डबा शोधीत असतां अकस्मात् वादळी पाऊस झाला. भुयारांत लोंढा आला आणि दोघांना मृत्यु आला. खेळाच्या भरांत जागेचा विचार सुटला, कीं निसर्ग खेळ म्हणून सूट देत नाहीं.

अशा अनुभवांतून या छंदाचे निर्बंध हळू हळू घडत गेले. जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीवांचून डबा जमिनींत पुरावयाचा नाहीं; म्हणजे उल्मरची पहिली बादली अशा परवानगीवांचून आजच्या नियमांत बसली नसती! दोन डब्यांमध्यें निदान १६१ मीटर अंतर पाहिजे. जागेच्या मालकाची परवानगी पाहिजे. नवा डबा यादींत येण्याआधीं स्वयंसेवक त्याची तपासणी करतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांच्या अधिकाऱ्यांनीं डबे ठेवण्यास मनाई केली, तेव्हां प्रथम खळखळ झाली. पण त्या काळांत दोन चांगल्या गोष्टी पुढें आल्या. २००२ पासून डबा शोधण्यास जातांना वाटेवरला कचरा गोळा करून आणण्याची चळवळ सुरू झाली. २००४ पासून अमेरिकेच्या भूशास्त्र संस्थेच्या सहकार्यानें एक नवा प्रकार निघाला, त्यांत डबाच नसतो. दिलेल्या जागीं जावयाचें, तेथील खडक किंवा झरा नीट पाहावयाचा, आणि भूशास्त्राच्या प्रश्नाचें उत्तर लिहून पाठवावयाचें. ठेवा म्हणजे ती जागा स्वतःच.

निर्बंधांनीं सर्व दोष जातात असें मात्र नाहीं. नेव्हाडाच्या वाळवंटांत एका हमरस्त्याच्या कडेनें २०१० सालीं हजाराहून अधिक डब्या १६१ मीटरच्या हिशेबानें ओळीनें मांडण्यांत आल्या. मोटारींतून उतरावयाचें, सही करावयाची, पुन्हां बसावयाचें. दिवसाकाठीं शेंकडों डबे खात्यावर जमा! ज्यांना आंकड्यांचा हव्यास त्यांना हें आवडतें, आणि त्यांचा आनंद खोटा आहे असें म्हणण्याचा अधिकार मला नाहीं. परंतु डार्टमूरच्या धुक्यांतून दिवसभर चालून एका बाटलींत कार्ड टाकणारा पेरटचा प्रवासी येथें भांबावून उभा राहिला असता, एवढें खरें. अंतर कमी झालें, कष्ट कमी झाले, आणि त्याबरोबर त्या बिचाऱ्या डबीकडे पाहण्याची फुरसदहि कमी झाली.

आपल्याकडे या छंदाचा प्रसार युरोप-अमेरिकेच्या मानानें फारच थोडा आहे. त्याचीं कारणें शोधण्यास लांब जावयास नको. भाषणाच्या आरंभीं सांगितलेली स्टेशनावरची सूचना आठवावी. गर्दीच्या शहरांत बेवारशी डबा ठेवणें हा आपल्याकडे पोरखेळ होऊं शकत नाहीं, आणि संरक्षित किल्ल्यांच्या तटांत कांहीं खुपसून ठेवणें तर कोणीहि करूं नये. परंतु डबा नसलेला जो प्रकार मीं सांगितला, त्याला आपला देश अंगणासारखा मोकळा आहे. लोणारचें विवर, निघोज येथें कुकडी नदीनें कातळांत कोरलेले रांजणखळगे, सह्याद्रीच्या लाव्हारसाचे थरावर थर, यांच्यासमोर मुलांना उभें करून एक नेमका प्रश्न विचारला, तर त्यांना सांपडणारा ठेवा कोणाच्यानें चोरवणार नाहीं आणि पावसानें भिजणार नाहीं.

तरी बेवारशी भांड्यावर विश्वास ठेवण्याची रीत आपल्याला अगदींच परकी आहे असें समजण्याचें कारण नाहीं. चैत्र-वैशाखांत आपल्या रस्त्यांच्या कडेला कोणीतरी पाणपोई घालतो. ओलें फडकें गुंडाळलेला रांजण, त्यावर झांकण, झांकणावर पेला. घालणारा तेथें बसून राहत नाहीं. पिणारा त्याला ओळखत नाहीं. कांहीं ठिकाणीं पेल्याला साखळी बांधलेली असते, हें खरें. ज्यानें ती बांधली त्याला माणसांचा अनुभव आहे. आणि तरीहि त्यानें रांजण भरणें सोडलेलें नाहीं. पेरटच्या बाटलीपासून उल्मरच्या बादलीपर्यंत आणि तेथून या तीस लाख डब्यांपर्यंतचा इतिहास पाहिला, कीं मला ती साखळी आणि तो रांजण हीं दोन्ही एकदम आठवतात. कांहीं डबे चोरीस जातात, कांहीं भिजतात, कांहीं यंत्राखालीं चिरडतात, एखादा तर बॉम्ब समजून उडविला जातो. दुसऱ्या दिवशीं कोणीतरी नवी वही विकत घेतो, झांकणाचा रबर तपासतो, आणि ज्यांना तो कधीं पाहणार नाहीं अशा माणसांसाठीं डबा घेऊन पुन्हां रानाकडे चालूं लागतो.